सारवलेली भिंत

सोनाबाईला घर सारवून ठेवायला मी सांगितलं होतं. हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही; बायकोजवळ नाही, वीस वर्षं ज्यांच्यासोबत एका टेबलावर डबा खाल्ला त्या सोबत्यांजवळही नाही. दिवाळी अंकासाठी 'पुराच्या कामाचे अनुभव लिहा' असं पत्र आलं तेव्हा दोनदा मी नाही म्हणून कळवलं. तिसऱ्यांदा लिहायला बसलो तर पहिलं हेच वाक्य कागदावर उतरलं. ते खोडून पाहिलं. मग पुढचं काही सुचेना. म्हणून राहू दिलं आहे.

मी आंध्रच्या महसूल खात्यातला कारकून. घर मूळचं वांकिडीकडचं, वडिलांचं किराण्याचं दुकान. घरात मराठी, शाळेत तेलुगू, दुकानात गिऱ्हाईक पाहून हिंदी. या तीन भाषांनी माझं नशीब ठरवलं. पैनगंगा फुगली की कचेरीत पहिली हाक यायची, "मराठीवाल्याला पाठवा." कागद तेलुगूत, गाव मराठीत आणि मध्ये मी. नदीच्या पलीकडं महाराष्ट्र. पाणी दोन्ही काठांना सारखंच चढायचं, फॉर्म मात्र वेगवेगळे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पुराचं काम म्हणजे होडी, दोर आणि छपरावर बसलेली माणसं. ते काम दोन दिवसांचं, आणि ते बहुतेक गाववालेच उरकतात. बैलाचं शेपूट धरून पाण्यातून निघालेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. आमचं काम पाणी उतरल्यावर सुरू होतं आणि पुढं दोन-तीन महिने चालतं. घरोघर जायचं, काय गेलं ते लिहायचं, आणि लिहिलं असेल त्याप्रमाणं वाटायचं. एवढंच. पण जे लिहिलं जात नाही ते गेलेलंच नसतं, हे लक्षात ठेवून लिहावं लागतं.

पाणी कुठवर आलं होतं हे माणसापेक्षा बाभूळ खरं सांगते. काट्यांना अडकलेलं गवत, कडब्याच्या काड्या जिथवर दिसतील तिथवर पाणी. ज्वारी भिजली की नाही हे दार उघडायच्या आधी वासावरून कळतं. तो आंबूस वास एकदा नाकात बसला की पंधरा दिवस जेवणाला तोच वास येतो. हे मला कुणी शिकवलं नाही, चालून चालून आलं. याचा मला अजूनही थोडा ताठा आहे.

मदतीचे प्रकारही ऐकण्यासारखे. एकदा शहरातल्या दयाळू लोकांनी कपड्यांचा ट्रक पाठवला. नेरडीगोंड्याच्या पुढं रस्ता खचलेला, म्हणून ट्रक दीड दिवस अडकून पडला आणि शेवटी गावात आला तेव्हा साऱ्या गावानं गर्दी केली. गाठोडी सोडली तर आत लोकरीच्या टोप्या, मुलींचे झालरीचे फ्रॉक आणि दहा-बारा टाय. एका म्हाताऱ्यानं एक टाय उचलून गोऱ्ह्याच्या गळ्यात बांधला आणि गावाला बजावलं, "आता हा सायेब झाला. याले कोनी वखराले जुपू नका." चार दिवसांत लोक पहिल्यांदा हसले. बायकांनी लुगडी हातात घेऊन परत ठेवली. दुसरीच्या अंगावरचं उतरलेलं नेसायचं कसं? मग एक बाई म्हणाली, "नेसत नाई, पन गोधड्या तं शिवतो." त्या हिवाळ्यात त्या गावाच्या गोधड्या मी पाहिल्या आहेत. जिल्ह्यात तेवढ्या रंगीत कुठं नसतील.

ती बाई म्हणजे सोनाबाई.

गावाचं नाव लिहीत नाही. तामसीच्या बसनं उतरून नदीकडं तासभर चाललं की लागतं. तालुके मोडून मंडळं नुकतीच झाली होती तेव्हाची गोष्ट. सोनाबाईचा नवरा दाजीबा शेती करायचाच, पण त्याची ओळख वेगळी होती: तो भिंती घालायचा. मातीच्या भिंती. माती तुडवायची, भुसा मिसळायचा, थर द्यायचा, वाळू द्यायचा, वर दुसरा थर. पंचक्रोशीतली निम्मी घरं त्याच्या हातची. माझं वय तेव्हा अठ्ठावीस. यादीच्या कामाला गेलो की भाकरी त्यांच्याकडंच. सोनाबाई मला बापू म्हणायची, मी तिला मावशी.

"तुमच्या कागदात भाकरीचा रकाना हाय का?" ती विचारायची.

"नाही मावशी."

"मंग हे कोन लिवनार? का फुकटच?"

आणि ताटात आणखी एक चतकोर टाकायची.

दाजीबानं मला भिंत वाचायला शिकवलं. एका दुपारी त्यानं मला त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीपाशी उकिडवं बसवलं आणि पायथ्यात बोटं घातली. बोटं पेरांपर्यंत आत गेली. "पाय, खालून खाल्लीन पान्यानं," तो म्हणाला. "तुमाले वाटते भीत पुरात पडते. पुरात नाई पडत बापू. पान्यात ती फुगून उभी रायते. ऊन पडलं का पानी निंघते, अन् मंग बसते खाली. भीत उन्हात मरते."

"मग काय करायचं?"

"काई लावाचं नाई तिले. उघडी ठेवाची, हवा लागू द्याची, अन् टेकू द्याचा. उद्या बाभळीचे टेकू तोडून आनतो."

हे मी त्याच्या तोंडून ऐकलं होतं. माझी बोटं त्या भिंतीत गेली होती. मला माहीत नव्हतं असं मला म्हणताच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब गाव पाहायला यायचे होते आणि त्यांच्यासोबत जिल्ह्याचे एक मोठे अधिकारी. कामाची पद्धत अशी: घरांचे तीन रकाने. पूर्ण पडलं, अर्धं पडलं, उभं आहे. पहिल्या दोघांना ताडपत्री, आणि पुढं शाळेजवळच्या उंचवट्यावर नव्या वस्तीत जागा. उभं असेल त्याला काही नाही. यादी मी करायची, पण मोठ्या साहेबांनी फिरून होकार दिल्याशिवाय ती पक्की होत नसे.

त्याच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका गावात आमचे साहेब चिखलात गुडघ्यापर्यंत फसले होते. मेलेल्या कोंबड्यांचा वास, वर माशा. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं होतं, "तू पुढं येऊन काय केलंस? झोपा काढल्यास?" माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पण तो प्रश्न माझ्या अंगाला चिकटून बसला. म्हणून या गावात मी सकाळीच पोचलो आणि सेतसिंधीला, म्हणजे गावच्या सरकारी हरकाम्याला, डफडं घेऊन फिरवलं: साहेब येणार, रस्त्यातला चिखल ओढा, घाण काढा. आणि साहेबांना बसवायचं कुठं, तर गावात मला हक्काचं घर एकच. मी सोनाबाईच्या अंगणात गेलो.

"मावशी, साहेब इथंच बसतील. घर जरा सारवून ठेवा. भिंतीसुद्धा, पाण्याच्या रेषा दिसतात."

"भितीले नको लावू म्हनत होते ते. टेकू आनाले गेले हायत."

"आजच्यापुरतं मावशी. साहेब मोठे आहेत."

"पाव्हना येऊन राह्यला अन् घर बिनसारोलं, हे तं मलेबी बरं नाई वाटत," ती म्हणाली, आणि घमेलं घेऊन शेणाला गेली.

आमच्याकडच्या बायकांना हे कुणी शिकवावं लागत नाही. दारात पाहुणा यायचा तर ओसरी ओली हवी, उंबऱ्यावर रांगोळी हवी. त्यात महालक्ष्म्या तोंडावर आलेल्या. तिचं पाहून शेजारणीनं सारवलं, तिचं पाहून पुढच्या घरानं. दोन तासांत त्या आळीतल्या सात-आठ घरांनी पूर पुसून टाकला. पुराचं नुकसान पाहायला येणाऱ्या माणसासाठी गावानं नुकसान झाकलं, आणि ते झाकायला मीच सांगितलं होतं. आज लिहिताना हे केवढं उघड दिसतं. त्या सकाळी मला फक्त एवढं दिसत होतं की साहेबांचे बूट या वेळी भरणार नाहीत.

मोठे साहेब आले. सोनाबाईच्या ओसरीवर बसले, चहा घेतला. हिरवट ओल्या भिंतींवरून हात फिरवावा तशी नजर फिरवली आणि म्हणाले, "बागुंदी, बागुंदी." छान आहे. तेलुगू न कळणाऱ्यालाही तो शब्द कळला; सोनाबाई पदर सावरून हसली. साहेबांनी माझ्याकडं वळून हिंदीत सांगितलं, "ये लाइन तो ठीक है. लिखो."

मी लिहिलं: उभं आहे. सोनाबाईच्या नावापुढं, शेजारणीच्या, त्या सात-आठही नावांपुढं. लिहिताना मागची भिंत मला आठवत होती. दोन वाक्यांचं काम होतं: साहेब, ही आजच सारवली आहे, मागं या, दाखवतो. पण मग ते विचारणार, आज का सारवली? म्हणून मी बोललो नाही.

दाजीबा दुपारी खांद्यावर बाभळीचे टेकू घेऊन आला. भिंत पाहिली. बायकोकडं पाहिलं.

"काऊन सारोली?"

"सायेब आले होते."

"सायेबाले भीत चाटाची होती का?"

मी तिथंच पायरीवर बसून याद्या जुळवत होतो. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "घरात पाव्हना येते तं सारवाव नाई का?" एवढंच म्हणाली आणि चुलीकडं गेली. तो हसला, मान हलवली. त्यांचं भांडण तेवढंच असायचं.

मग ऊन पडलं. सलग तीन दिवस असं ऊन की चिखलाला भेगा गेल्या. तिसऱ्या दिवशी, बायका धुणं वाळत घालत असताना, मागची भिंत बसली. दाजीबा तिला आणखी एक टेकू देत होता. वरून सारवण कोरडं खडखडीत, त्यामुळं आतली फट त्याला दिसली नाही. आयुष्यभर भिंती घातलेल्या माणसाला आपलीच भिंत वाचता आली नाही, कारण तिच्यावर लेप होता. माती कमरेवर आली. गाववाल्यांनी हातांनी उकरून त्याला काढलं. जीव राहिला, कमरेखालचं गेलं.

दोन दिवसांनी आमचे साहेब पंचनाम्याला आले. दाजीबा आदिलाबादच्या दवाखान्यात होता. अंगणात पंच, दोन्ही मुलगे, अर्धं गाव. साहेबांना एक गोष्ट कळत नव्हती: यादीत घर उभं, तीन दिवसांत पडलं कसं? कुणीतरी सांगितलं, ओल्या भिंतीला सारवलं होतं. साहेब मला तेलुगूत म्हणाले, "तिला विचार, ओल्या भिंतीला सारवायला कुणी सांगितलं?"

मी दुभाषा. विचारणं माझं काम. मी सोनाबाईकडं वळलो आणि मराठीत विचारलं:

"मावशी, साहेब विचारतात, भिंत सारवायला कुणी सांगितलं?"

माझा आवाज कापला नाही. याचं मला आजही नवल वाटतं आणि किळसही.

ती माझ्याकडं पाहत राहिली. फार वेळ नाही, हातातला तांब्या खाली ठेवायला लागतो तेवढाच. मग म्हणाली, "कोनी नाई. सनावाराचे दिवस, म्या मनानंच सारोली."

मी तेलुगूत सांगितलं. शब्दाला शब्द. साहेबांनी लिहून घेतलं: पडझड पुरामुळे नव्हे, घरच्यांच्या चुकीमुळे. त्या कागदावर तिचा अंगठा घेतला, आणि शाईची डबी मी धरली होती. ताडपत्री नाही, उंचवट्यावरची जागा नाही. थोरला मुलगा किसन तिथंच फिरला आणि आईला म्हणाला, "बा सांगून गेलता, तरी तुले चुल्हात घालाची रांगोळी सुचली!"

नंतर मी पुष्कळ केलं. भल्या माणसासारखं केलं. दाजीबाला दवाखान्यात ठेवून घेण्यासाठी डॉक्टरांच्या पाया पडलो. त्या आळीतल्या बाकीच्या घरांची फेरपाहणी करवून घेतली. त्यांच्या भिंतीही वाकायला लागल्या होत्या, त्यांना टेकू मिळाले, पुढं जागाही मिळाल्या. सोनाबाईचा कागद मात्र पक्का झाला होता, तिच्याच अंगठ्यानं. तो मोडायचा तर एकाच बाजूनं, माझ्या बाजूनं, मोडता आला असता. मी त्याऐवजी वर्षाला चार फेऱ्या मारल्या, कधी ज्वारी, कधी औषध, कधी पाठीला लावायचं तेल घेऊन. गाव म्हणायचं, "असा बाबू पाह्यला नाई. सख्ख्यापेक्षा जास्त." मी मान खाली घालायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा.

दाजीबा अकरा वर्षं बाजेवर होता. सोनाबाईनं त्याला दिवसातून दोनदा कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं. बाजेवरून तो भिंती घालायला शिकवायचा; "थर जाड झाला, काढ," असं ओरडायचा, आणि पोरं हसत हसत थर काढायची. तो बायकोवर कधी चिडला नाही. पण घर चिडलं. सुना आल्या, त्यांना ही गोष्ट हळदीबरोबरच सांगितली गेली. सण आला आणि सोनाबाईनं शेणाचं घमेलं उचललं की एखादी सून म्हणायची, "आत्याबाई, राहू द्या. तुमच्या सारोन्यानं एक डाव झालं तेवढं बस." हळूहळू तिनं सारवणं सोडलं. ओसरी सुना सारवायच्या आणि ती दूर बसून पाहायची.

नव्वद साली पुन्हा मोठं पाणी आलं. तोवर मी या कामातला जुना माणूस झालो होतो. गावात पोचल्यावर पहिली दवंडी मी फिरवायचो ती अशी: काही धुवू नका, काही सारवू नका, चिखल आहे तसा राहू द्या, भिंती उघड्या ठेवा, टेकू द्या. लोकांना हसू यायचं. "चिखल जपनारा बाबू आला रे!" नव्या कारकुनांना मी स्वतः भिंतीच्या पायथ्यात बोटं घालायला लावायचो. एका साहेबांनी कौतुकानं विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी दाजीबाचं नाव सांगितलं. ते खरंच होतं, पण अर्धं.

मागल्या वर्षी दाजीबा गेला. दहाव्याला मी गेलो. नदीवरून परतल्यावर अंगणात माणसं बसली, कुणी मला म्हणालं, बापू, दोन शब्द बोला. मी दाजीबाच्या भिंतींबद्दल बोललो. चांगलं बोललो असणार, कारण बाया रडल्या. मग किसन उठला. तो आता तिशी ओलांडलेला, वाईट मुलगा नाही, बापाचं त्यानं सारं केलं. तो म्हणाला, "बापानं गावाच्या भिती उभ्या केल्या, अन् आमच्या मायनं एका दिवसात त्याले झोपवलं. नशीब, दुसरं काय." कुणी त्याला गप्प केलं नाही, हे वाक्य तिथं इतक्यांदा बोललं गेलं होतं की कुणाला टोचत नव्हतं. सोनाबाई पाहुण्यांच्या कपबशा उचलत होती. माझ्यापुढची उचलताना तिनं हळूच विचारलं, "साखर बरोबर होती नं बापू?"

बसच्या रस्त्यापर्यंत ती मला घालवायला आली. पांढरं कपाळ, हातात काठी. मी वाटेत थांबलो.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"म्हाईत हाय मले," ती म्हणाली. "म्या काय बह्यरी होती?"

"मग का नाही सांगितलंत?"

तिला प्रश्नच वेडगळ वाटला. "तवा तुमची लेक पाळन्यात होती. तुमीच सांगतलं होतं, सव्वा महिन्याची झाली म्हनून. नोकरी गेली असती तं? आमचं काय, आमाले वावर होतं." थोडं चालल्यावर म्हणाली, "त्याइले सांगतलं होतं म्या."

"दाजीबाला?"

"हो. दवाखान्यातून आले त्याच रोजी. ते म्हने, पोरगं हाय, भ्यालं असन. जाऊ दे."

अकरा वर्षं मी त्या बाजेशी बसलो होतो. माझ्या हातून त्यानं औषध घेतलं, माझ्या डब्यातली सुपारी खाल्ली, पोरांना ओरडला, माझ्याकडं पाहून डोळा मारला. आणि त्याला ठाऊक होतं.

बस आली. मी पायरीवर उभा राहून म्हणालो, "मावशी, किसनला सांगतो मी." ती म्हणाली, "तुमची मर्जी." नको म्हणाली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिनं मला सोडवलं नाही. मी बसमध्ये चढलो. खाली उतरून तासभर परत चालायचं होतं, एवढंच होतं, आणि मी चढलो.

त्या घरात दिवाळी अंक येत नाही. त्यामुळं इथं लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. सोनाबाईनं मला माफ केलं, दाजीबानं केलं. त्या दोघांचं माझ्याकडं काही मागणं नाही. किसन आणि त्याचा धाकटा भाऊ, त्यांच्या बायका, यांना मी एक खरी गोष्ट देणं लागतो. तिच्या अंगणात, ती समोर बसलेली असताना, मराठीत. ती अजून दिलेली नाही, आणि सोनाबाईचं वय झालं आहे.